विद्येच्या कारखान्यात पेढीचे भांडवल

डिचोली शहराच्या लगत, डोंगर आणि कुळागरे ह्यांच्या मधोमध मये हे गाव वसले आहे. गोव्याबाहेरच्या माणसाला ते तेथील तळ्यामुळे ठाऊक असते. डिचोली, साखळी व पेडणे येथील बाजारपेठांत ज्यांच्या पेढ्या आहेत त्या आमच्या व्यापारी बंधूंना मात्र मये म्हटले की आणखी दोन गोष्टी आठवतात. एक खाण आणि दुसरी जमीन.

खाणीची हकीकत सर्वज्ञात आहे. गोवामुक्तीच्या पूर्वीपासून ह्या पट्ट्यातील लोहखनिज परदेशी जात होते. पुढे चीनची मागणी वाढली, तेव्हा घरोघर टिपर आले. बँकांनी हप्त्यांवर कर्जे दिली. वाहनांचे सुटे भाग, टायर, डिझेल, किराणा, कापड, सोने अशा सर्व दुकानांची उलाढाल त्या तांबड्या मातीवर वाढली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही स्थगिती आली. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. परंतु फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून काम पुन्हा बंद पडले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या पद्धतीने लिलाव झाले व त्यांत शिरगाव-मये ह्या नावाचाही एक पट्टा होता. दहा वर्षांत दोन वेळा बंद पडणाऱ्या धंद्यावर ज्यांनी उधारी दिली होती त्यांच्या खतावण्यांत त्या काळाची नोंद अद्याप वाचावयास मिळेल.

जमिनीची हकीकत त्याहून जुनी आहे. गोवामुक्तीनंतर मयेच्या काउंटाची मालमत्ता ‘स्थलांतरितांची मालमत्ता’ ठरून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत व बागायतींत लोक राबले त्यांचा कागद त्यांच्या नावावर नव्हता. २०१४ साली ह्या प्रश्नासाठी खास कायदा झाला आणि त्यापुढे सनदा देण्याचे काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले. ह्या गोष्टीचा व्यापारी अर्थ असा की, अर्धशतकाहून अधिक काळ ह्या गावातील हुशार तरुणाजवळ तारण ठेवण्याजोगे काही नव्हते. तारण नाही म्हणजे बँकेचे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे दुसऱ्याच्या टिपरावर चालक होणे आले.

एका खडकावर सर्वांची मिळकत आणि कागदाअभावी अडलेली जमीन, ह्या दोन अनुभवांतून जो प्रश्न निर्माण होतो त्याचा विचार ह्या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. ज्याच्याजवळ जमीन नाही परंतु विद्या आहे अशा माणसाला भांडवल कोणी द्यावे, कसे द्यावे आणि दिलेले भांडवल बुडू नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी? आज ज्यांना ‘डीप टेक स्टार्टअप’ म्हणतात, म्हणजे सखोल विज्ञान व अभियांत्रिकी ह्यांवर उभारलेले नवोद्योग, त्यांच्या संबंधात हाच प्रश्न देशभर विचारला जात आहे.

नवोद्योग म्हणजे काय?

प्रत्येक नवे दुकान नवोद्योग होत नाही आणि मोबाईलवरून भाजी पोहोचवणारी प्रत्येक योजना सखोल तंत्रज्ञानाची नसते. भाजी पोहोचवणाऱ्यापुढचा प्रश्न असा असतो की, गिऱ्हाईक मिळेल काय? सखोल तंत्रज्ञानाच्या उद्योजकापुढे त्याच्याही आधी दुसराच प्रश्न असतो. वस्तू मुळात तयार होईल काय? रोगाचे अचूक निदान करणारी चकती, खनिजातील माती स्वस्तात वेगळी करणारी प्रक्रिया, समुद्राखाली स्वतः वाट काढणारे यान, ह्यांना गिऱ्हाईक आहे हे सर्वांना दिसते. परंतु ती वस्तू प्रयोगशाळेबाहेर, पावसात, धुळीत आणि विजेच्या लपंडावात चालेल की नाही हे कोणालाही आधी सांगता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी तंत्राच्या सिद्धतेच्या नऊ पायऱ्या ठरविल्या आहेत. ही पद्धत अमेरिकेच्या नासा संस्थेतून आली. पहिल्या पायरीवर केवळ मूलतत्त्व माहीत असते. चौथ्या पायरीवर नमुना प्रयोगशाळेत चालतो. सहाव्या-सातव्या पायरीवर तो प्रत्यक्ष परिस्थितीत चालतो. नवव्या पायरीवर तो विश्वासाने विकता येतो. व्यापाऱ्याने हे एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ. उद्योजक समोर बसला असता ‘तुमची वस्तू आज कितव्या पायरीवर आहे?’ हा पहिला प्रश्न विचारावा. उत्तर स्पष्ट आले नाही तर पुढचे बोलणे थांबवावे.

पहिल्या पायऱ्यांवर सरकारी अनुदान शोभते, कारण तेथे बुडण्याचा संभव फार असतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली स्थापन केलेली ‘बायरॅक’ ही संस्था अशा आरंभीच्या कल्पनांना अठरा महिन्यांसाठी पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान देत आली आहे. वरच्या पायऱ्यांसाठी १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोन्मेष ह्यांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. चौथ्या पायरीपासून पुढच्या प्रकल्पांना दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे वा बिनव्याजी भांडवल मिळावे हा तिचा हेतू आहे. तथापि अनुदान संपले आणि मोठे भांडवल अजून आले नाही, असा जो मधला काळ असतो त्यातच बहुतेक चांगले उद्योग मरतात. त्या काळात कामगारांचा पगार, यंत्राचे भाडे व प्रमाणपत्राची फी भागविण्यास फार मोठी रक्कम लागत नाही. परंतु ती वेळेवर लागते. खासगी भांडवलाची खरी जागा येथे आहे.

वेर्ण्याचे यंत्र

ह्याचा उत्तम दाखला आमच्या गोव्यातच आहे आणि तो पाहण्यास वेर्ण्याच्या पलीकडे जाण्याचे कारण नाही.

जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. थुंकीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी रीत अनेक रुग्णांना हुकवते. रोगजंतूचा जनुकीय अंश ओळखणारी परदेशी यंत्रे आली. परंतु त्यांना अखंड वीज आणि थंड खोली लागे. आमच्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्या दोन्ही गोष्टींची खात्री नसते. बंगळूर येथील बिगटेक ह्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या शतकाच्या आरंभी असा विचार केला की, हीच तपासणी हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात एका लहान चकतीवर करता आली तर यंत्र रुग्णाकडे नेता येईल. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या ‘न्यू मिलेनियम’ योजनेने ह्या कामास अर्थसाहाय्य दिले.

येथवरची गोष्ट प्रयोगशाळेची झाली. पुढची व्यापाराची आहे. गोव्यातील ट्यूलिप समूह रोगनिदानाचे संच बनवून देशभर विकण्याच्या धंद्यात मुरलेला होता. प्रत्येक जिल्ह्यातील वितरक त्याच्या परिचयाचे, माल कसा साठवावा, किती उधारी द्यावी, तक्रार आली तर माणूस किती दिवसांत पाठवावा, हे सर्व त्याच्या अंगवळणी पडलेले. बिगटेकची विद्या व ट्यूलिपचा व्यापार ह्यांच्या भागीदारीतून मोलबायो डायग्नोस्टिक्स ही कंपनी पुढे आली. तिचा कारखाना वेर्णा येथे उभा राहिला आणि ‘ट्रूनॅट’ ह्या नावाने तपासणी २०१३ च्या सुमारास बाजारात आली.

ह्यानंतर वाचकांस वाटेल की माल खपू लागला असेल. वस्तुस्थिती तशी नव्हती. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात नवी तपासणी घ्यावयाची तर तिची अचूकता त्रयस्थाने सिद्ध करावी लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने परीक्षा घेतली. पुढे ‘फाइंड’ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारत, इथिओपिया, पेरू व पापुआ न्यू गिनी अशा चार देशांत तिची कसोटी पाहिली. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोविडच्या तपासणीसाठीही तिला मान्यता मिळाली आणि जे यंत्र खेड्यातील क्षयरोग्यासाठी घडविले होते ते महामारीत गावोगावी पोहोचले. त्यानंतर २०२२ साली सिंगापूरच्या टेमासेक ह्या गुंतवणूक संस्थेने कंपनीत सुमारे साडेआठ कोटी डॉलर गुंतविल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी मोतीलाल ओसवाल समूहाच्या निधीनेही तिच्यात भाग घेतला होता.

सामान्य वाचक २०२२ चा आकडा पाहतो. आमच्या बंधूंनी त्याच्या आधीची वर्षे मोजावीत. कल्पनेपासून विक्रीपर्यंत सुमारे एक तप आणि विक्रीपासून जगन्मान्यतेपर्यंत आणखी सात वर्षे लागली. ह्या काळात जर कोणी दर वर्षाअखेरीस व्याज मागितले असते तर यंत्रही झाले नसते आणि मुद्दलही परत आले नसते.

जुन्या खतावणीतील दाखले

असे धाडस आमच्या लोकांना नवीन नाही. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगराला पहिले गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंधच्या अधिपतींनी त्यांना जागा व आधार दिला म्हणून किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांजवळ तारण म्हणून माळरानच होते आणि तेही दुसऱ्याने दिलेले.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानाचा कारखाना काढला. देशात मोटार बनत नसताना विमान बनविण्याची गोष्ट अनेकांना वेडेपणाची वाटली असेल. १९४२ साली सरकारने कारखान्याचा कारभार आपल्याकडे घेतला. परंतु ज्या बीजातून आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स वाढली ते बीज एका व्यापाऱ्याने पेरले, हे विसरता येत नाही.

जळगावचे भवरलाल जैन हे आमच्या काळाला अधिक जवळचे. १९६३ साली रॉकेलच्या विक्रीपासून त्यांनी धंद्यास आरंभ केला. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक कारखाना घेऊन त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास सुरुवात केली आणि पुढे ठिबक सिंचनाचे तंत्र खानदेशच्या शेतात नेले. त्यांनी नळ्या विकण्यापूर्वी पाणी कसे द्यावे हे शेतकऱ्याला शिकविले, ही त्यांच्या यशाची किल्ली होय. परंतु ह्या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनी जगभर पसरली तशी कर्जेही वाढली. सरकारी योजनांकडील येणी अडकली. २०१९ पासून हप्ते थकले आणि २०२३ साली परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस ह्या कंपनीत विलीन करून कर्जाचा भार हलका करावा लागला. तंत्र चांगले, माल चांगला, मागणी चांगली, आणि तरीही येणे व देणे ह्यांचा मेळ बसला नाही तर मोठे घरही हादरते.

ह्याहून कठोर धडा १८६५ सालचा आहे. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर बॅकबेसारख्या कंपन्यांच्या भागांचा सट्टा सुरू झाला. युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंद रायचंद ह्यांच्यासारखा बाजाराचा राजाही त्यात सापडला. भाग विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ती भरावाची जमीन डोळ्यांनी पाहिली होती? नवोद्योगात पैसा घालू इच्छिणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा. वस्तू न पाहता केवळ दुसरा घेतो म्हणून घेतलेला भाग म्हणजे गुंतवणूक नव्हे.

जोखमीचा हिशेब

व्यापाऱ्याच्या सवयीप्रमाणे आता आकड्यांकडे वळू. समजा, एका पेढीने नवोद्योगांसाठी पन्नास लाख रुपये बाजूला काढले. ही सर्व रक्कम एकाच हुशार तरुणाला देणे ही पहिली चूक होईल, आणि पहिल्याच वर्षी सर्व रक्कम वाटून टाकणे ही दुसरी. अडीच लाखांप्रमाणे दहा उद्योगांत पंचवीस लाख घालावेत आणि पंचवीस लाख हाती ठेवावेत. काही वर्षांनी दहांपैकी पाच बुडाले असे धरू. साडेबारा लाख गेले. तिघांनी केवळ मुद्दल परत केले. साडेसात लाख आले. उरलेले दोघे आपापल्या पायऱ्या चढत आहेत असे दिसल्यावर हाती ठेवलेले पंचवीस लाख त्यांना दिले. म्हणजे त्या दोघांत एकूण तीस लाख गुंतले.

हेच पन्नास लाख वर्षाला दहा टक्के चक्रवाढीने दहा वर्षे वाढले असते तर सुमारे एक कोटी तीस लाख झाले असते. म्हणून ह्या दोन उद्योगांतील तीस लाखांचे सुमारे एक कोटी बावीस लाख, म्हणजे चौपट, व्हावे लागतील तेव्हा कोठे आपण बरोबरीला येऊ. त्याहून कमी झाले तर जोखीम फुकट पत्करली असे होईल. हा हिशेब काल्पनिक आहे, परंतु त्यातील तत्त्व खरे आहे. अशा व्यवहारात नफा सरासरीतून येत नाही. एक-दोन उद्योगांच्या असाधारण यशातून येतो. अमेरिकेत १९४६ साली निघालेल्या एका भांडवल-कंपनीने १९५७ साली संगणक बनवू इच्छिणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट ह्या नवोद्योगास सत्तर हजार डॉलर दिले. पुढे त्या एका गुंतवणुकीचे मोल इतके झाले की बाकीच्या पुष्कळशा गुंतवणुकी तिच्या छायेत गेल्या.

दुसरा हिशेब हिश्श्याचा. आरंभी आपला हिस्सा दोन टक्के असला आणि पुढे कंपनीने तीन वेळा भांडवल घेताना प्रत्येक वेळी वीस टक्के नवे भाग दिले, तर पहिल्या वेळेनंतर आपला हिस्सा १.६० टक्के, दुसऱ्या वेळेनंतर १.२८ आणि तिसऱ्या वेळेनंतर सुमारे १.०२ टक्के राहतो. ह्यात फसवणूक नाही. मोठ्या भाकरीचा लहान तुकडा पुष्कळदा अधिक भरतो. परंतु हे आधी ठाऊक नसले म्हणजे भागीदारांत मने दुखावतात.

तिसरी गोष्ट बाजाराची. मुंबईच्या आय. आय. टी. मधून निघालेली ड्रोन बनविणारी ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी २००७ साली सुरू झाली. १६ वर्षांनी, २०२३ साली, ६७२ रुपयांनी तिचे भाग विकले गेले आणि बाजारात पहिल्याच दिवशी ते १३०० च्या घरात उघडले. दोन वर्षांच्या आत त्यांची किंमत मूळ ६७२ च्याही खाली गेली, कारण लष्करी खरेदीच्या मोठ्या ऑर्डरी एकसारख्या येत नाहीत. जो आरंभापासून सोबत होता त्याचा हिशेब वेगळा, आणि ज्याने गर्दी पाहून पहिल्या दिवशी उडी घेतली त्याचा वेगळा.

भांडवल देण्यापूर्वी

आमच्या अल्प मतीप्रमाणे पुढील गोष्टी पाहिल्यावाचून कोणीही धनादेशावर सही करू नये.

पहिली गोष्ट विद्येच्या मालकीची. शोध विद्यापीठात वा सरकारी प्रयोगशाळेत लागला असेल तर पेटंट बहुधा त्या संस्थेच्या नावावर असते. कंपनीला ते वापरण्याचा लेखी हक्क आहे काय, किती काळासाठी, आणि दुसऱ्या कोणाला तोच हक्क दिला आहे काय, हे कागद पाहून ठरवावे. पेटंटची मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षे असते. त्यांपैकी दहा वर्षे प्रयोगशाळेतच गेली तर बाजारासाठी दहाच उरतात.

दुसरी गोष्ट माणसांची. शास्त्रज्ञ, हिशेब पाहणारा आणि माल विकणारा असे तीन गुण एका व्यक्तीत क्वचितच असतात. तिघे एकत्र आले आहेत काय? त्यांचे आपापसांतील हिस्से लिहून ठेवले आहेत काय? त्यांपैकी एक सोडून गेला तर त्याच्या भागांचे काय होईल?

तिसरी गोष्ट टप्प्यांची. रक्कम एकदम न देता ठरलेली पायरी गाठल्यावर पुढचा हप्ता द्यावा. परंतु ती पायरी मोजता येण्याजोगी असावी. ‘चांगली प्रगती’ ही पायरी नव्हे. ‘दोन पावसाळे उघड्यावर न बिघडता चाललेले यंत्र’ ही पायरी होय.

चौथी गोष्ट कायद्याची. खासगी कंपनीस जनतेकडून भाग वा ठेवी गोळा करता येत नाहीत, आणि २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घातली आहे. म्हणून कोणाही मंडळाने सभासदांकडून पैसे जमवून ते नवोद्योगात घालण्याचा विचार हेतू चांगला असला तरी करू नये. सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली नोंदलेल्या पर्यायी गुंतवणूक निधीतून जाण्याचा मार्ग आहे; परंतु त्यात सामान्यतः किमान एक कोटी रुपये घालावे लागतात. नवोद्योगांच्या भागांवरील अधिमूल्यास लागणारा ‘एंजल टॅक्स’ २०१२ साली आला होता. २०२४ च्या अर्थसंकल्पाने तो रद्द केला. प्रत्येक व्यवहारापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा हे सांगावयास नकोच.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरातील मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, वृद्धांचे औषधपाणी, दुकानाचे खेळते भांडवल आणि विधवा भगिनींनी पेढीवर विश्वासाने ठेवलेली रक्कम, ह्यांपैकी एकही पैसा ह्या कामी लावू नये. जे बुडाले असता रात्रीची झोप उडणार नाही तेवढेच ह्यासाठी काढावे.

वाढीचा काळ

उद्योग जन्मास घालणे कठीण आणि वाढविणे त्याहून कठीण. प्रयोगशाळेत शंभर नग हाताने नीट बनतात. दहा हजार नग बनविताना प्रत्येक नग सारखा निघाला पाहिजे. त्यासाठी साचे, तपासणी, कच्च्या मालाचा भरवशाचा पुरवठा आणि शिस्तीचा कामगारवर्ग लागतो. ह्या टप्प्यावर शास्त्रज्ञाला व्यापाऱ्याची गरज भांडवलापेक्षाही अधिक भासते. सरकारी खात्याला माल दिला तर बिल किती महिन्यांनी मिळेल, तोवर पगार कशातून भागवावा, एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून अधिक विक्री अवलंबून असणे किती धोक्याचे, हे ज्ञान पुस्तकात कमी आणि पेढीवर अधिक असते. मयेच्या परिसराने एकाच गिऱ्हाइकावर व एकाच मालावर विसंबण्याची किंमत दोनदा मोजली आहे; तो अनुभव तरुण उद्योजकाला सांगण्याजोगा आहे.

ह्या कामास लागणाऱ्या संस्था आता आमच्या दारी आल्या आहेत. साखळीजवळ गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये अटल इनक्युबेशन सेंटर आहे. फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयात व वेर्णा येथेही नवोद्योगांची संगोपनकेंद्रे आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाण्याखाली स्वयंचलित फिरणारे ‘माया’ हे यान पूर्वीच बनवून दाखविले आहे. पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत आखली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. हलका आणि मोलाचा माल परदेशी पाठविणाऱ्याला विमानतळ जवळ असणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि प्रश्नही आमच्याच दारी आहेत. खाणींच्या मातीचे ढीग पावसात शेतात उतरतात. त्या ढिगांतील कमी प्रतीचे खनिज वेगळे करून उरलेल्या मातीच्या विटा करता येतील काय? सोडून दिलेल्या खाणींत साठलेले पाणी शुद्ध करून बागायतीस देता येईल काय? सुपारीवर पडणारी कोळेरोग आधी ओळखणारे साधन बनविता येईल काय? ज्याने मयेतील शेताचा बांध स्वतः पाहिला आहे त्या तरुणाला ह्या प्रश्नांचे मर्म दूरच्या शहरातील माणसापेक्षा लवकर कळेल.

आमचे कर्तव्य

कुडणे येथील ‘गुजीर’ ह्या नावाने ओळखले जाणारे जैन मंदिराचे अवशेष आणि नार्वे येथील जैनकोट पाहिले म्हणजे ध्यानात येते की, डिचोलीच्या ह्या भूमीशी आमच्या व्यापाऱ्यांचा संबंध आजचा नाही. येथे जे लोक आले त्यांनी माल आणला, पत दिली आणि वस्ती केली. आज आणावयाचा माल म्हणजे नवी विद्या, आणि द्यावयाची पत तिच्या उपासकाला द्यावयाची आहे.

त्यासाठी आम्ही सभासदांपुढे तीन साध्या सूचना ठेवितो. ज्या बंधूंना गुंतवणूक करावयाची नाही त्यांनी निदान पहिले गिऱ्हाईक व्हावे; आपल्या गोदामात, ट्रकवर वा बागेत नव्या यंत्राचा एक नमुना चालवून पाहावा आणि त्याचे दोष उद्योजकाला स्पष्ट सांगावेत. किर्लोस्करांच्या नांगराला दोन वर्षे जे मिळत नव्हते ते हेच. ज्यांचा हिशेबाचा हात चांगला आहे त्यांनी महिन्यातून एक दुपार जवळच्या संगोपनकेंद्रात जाऊन मुलांना रोकड, उधारी व मालसाठा ह्यांचे गणित शिकवावे. आणि ज्यांच्याजवळ जोखीम घेण्याजोगे भांडवल खरोखर आहे त्यांनी वर सांगितलेली दक्षता घेऊन, दहा वर्षांच्या धीराने, लहान रकमांपासून आरंभ करावा.

आमच्या घरांतील मुले-मुली आज अभियांत्रिकी, औषधनिर्माण व संगणकशास्त्र शिकत आहेत. शिक्षण संपल्यावर त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात, गादीवर बसणे किंवा परमुलखात नोकरी. त्यांच्यासाठी आणि मयेच्या ज्या मुलांच्या घराचा कागद अजून व्हावयाचा आहे त्यांच्यासाठीही, गावातच तिसरी वाट निघावी अशी आमची इच्छा आहे. ती वाट निघण्यास पैसा लागेल, परंतु त्याहून अधिक वेळ लागेल. आणि वेळ देण्याची तयारी असेल तरच त्यात पैसा घालावा, एवढेच आम्ही आमच्या बंधुभगिनींना विनयपूर्वक सांगतो.